‘व्हील ऑफ टाइम’च्या शेवटच्या खंडापाशी पोहोचलेल्यांसाठी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रॉबर्ट जॉर्डन यांची ‘द व्हील ऑफ टाइम’ ही फँटसी कादंबऱ्यांची मालिका १९९० मध्ये सुरू झाली आणि ८ जानेवारी २०१३ रोजी ‘अ मेमरी ऑफ लाइट’ या चौदाव्या खंडाने संपली. ज्यांचे तेरा खंड वाचून झालेत आणि चौदावा समोर आहे, त्यांच्यासाठी ही प्रश्नोत्तरं आहेत. पहिल्या तेरा खंडांतल्या घटना इथे मोकळेपणाने येतील, त्यामुळे तिथवर न पोहोचलेल्यांनी इथेच थांबावं. चौदाव्या खंडात कोण जगतं, कोण जातं, कसं संपतं, यातलं काहीही फोडलेलं नाही. फक्त युद्धाची मांडणी कळावी म्हणून एका उत्तरात थोडं सांगितलंय, आणि तिथे आधी सावध केलंय.

शेवटचा खंड आणून ठेवलाय, पण उघडायला मन धजत नाही. असं इतरांचंही होतं का?

अगदी सगळ्यांचं होतं. एमंड्स फील्डमधून रातोरात निघालेली ती पोरं तेरा खंड आपल्यासोबत चालली आहेत. पुस्तक उघडलं की त्यांचं संपणार, ही भावना खरी आहे आणि तिची लाज वाटायचं कारण नाही.

पण फार लांबवू नका, असं मी आग्रहाने सांगेन. हा खंड तुमच्या आठवणींवर उभा आहे. चौथ्या-पाचव्या खंडात दोन पानांपुरता आलेला एखादा सैनिक, एखादी शहाणी बाई, एखादं आश्वासन इथे अचानक परत येतं. ते ओळखीचं वाटलं तर डोळ्यांत पाणी येतं. नाव विसरलेलं असेल तर तेच वाक्य नुसतं वाचून तुम्ही पुढे जाता. वर्षभर कपाटात ठेवलेल्या पुस्तकातलं एक अक्षर कमी होत नाही, तुमच्याकडचं मात्र बरंच काही ओघळून जातं.

तेरावा खंड वाचून बराच काळ गेलाय. सगळं पुन्हा वाचायला हवं का?

सगळी मालिका मिळून चाळीस लाखांहून अधिक शब्दांची आहे. आवड आणि वेळ असेल तर जरूर वाचा, पण ती अट नाही. बारावा ‘द गॅदरिंग स्टॉर्म’ आणि तेरावा ‘टॉवर्स ऑफ मिडनाइट’ हे दोन खंड पुन्हा वाचले तर पुरतं. तेवढंही जमत नसेल तर तेराव्याची शेवटची दोनशे पानं तरी वाचाच. आणि खालच्या गोष्टी डोक्यात पक्क्या करा.

ड्रॅगनमाउंटच्या शिखरावर रँडच्या मनाची गाठ सुटली आहे, तो आता पूर्वीचा दगड झालेला माणूस नाही. डार्क वनच्या, म्हणजे अंधाराच्या अधिपतीच्या, कैदेवरचे उरलेले सील फोडायचे, असं त्याने ठरवलंय. एग्वेनने व्हाइट टॉवर (आइझ सेडाई या जादू जाणणाऱ्या स्त्रियांचा गड) एकत्र आणलाय, आता ती अमर्लिन, म्हणजे त्यांची प्रमुख, आहे आणि सील फोडायला तिचा कडाडून विरोध आहे. दोघांची गाठ मेरिलॉरच्या मैदानावर पडायची आहे. लान आपल्या मालकिअरी लोकांना आणि सीमेवरच्या स्वारांना घेऊन टारविन्स गॅपमध्ये ट्रॉलॉक या अंधाराच्या फौजेतल्या राक्षसांच्या लाटेवर चालून गेलाय. मॅटने मोरेनला टॉवर ऑफ गेंजीमधून सोडवून आणलंय, त्यासाठी एक डोळा दिलाय, आणि नोआल मागेच राहिलाय. पेरिनने नवा हातोडा घडवलाय. अविएन्डाने रुईडियनमध्ये आयेल लोकांचं भयंकर भविष्य पाहिलंय. व्हेरिनने दिलेलं पत्र मॅटने वेळेत उघडलं नाही, आणि वेगेट या जुन्या गुप्तमार्गाच्या दारातून ट्रॉलॉक केमलिनमध्ये घुसलेत. मॅटने बनवून घेतलेल्या तोफा त्याच शहरात आहेत.

आणखी एक धागा बरेच जण विसरतात. ब्लॅक टॉवरमध्ये, म्हणजे जादू जाणणाऱ्या पुरुषांच्या गडात, ताइम माणसांना बळजबरीने अंधाराकडे वळवतोय आणि तिथून गेटवे (दूरच्या जागी नेणारी जादूची दारं) उघडता येत नाहीत. तिथे अँड्रॉल नावाचा एक कमी ताकदीचा अशामान (तिथला जादू शिकलेला पुरुष) तेराव्या खंडात पहिल्यांदा नीट भेटतो. त्याला लक्षात ठेवा. शेवटच्या खंडातला माझा सर्वांत आवडता माणूस तोच आहे.

शेवटचे तीन खंड दुसऱ्याने लिहिलेत ना? मग हा शेवट जॉर्डन यांचा मानायचा का?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त विचारला जातो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

जॉर्डन यांचं खरं नाव जेम्स ऑलिव्हर रिग्नी, धाकटे. अमेरिकेतल्या साउथ कॅरोलायनामधल्या चार्ल्स्टनचे. व्हिएतनाम युद्धात त्यांनी हेलिकॉप्टरमधून मशीनगन चालवली होती, नंतर भौतिकशास्त्र शिकून अमेरिकी नौदलासाठी अणुअभियंता म्हणून काम केलं. रँडला जीव घेण्याचा जो भार वाटतो, तो पुस्तकी का वाटत नाही, याचं उत्तर बहुधा या आयुष्यात आहे. २००६ मध्ये त्यांनी वाचकांना कळवलं की आपल्याला कार्डिअॅक अमायलॉयडोसिस झालाय. या दुर्मीळ आजारात एका प्रकारची प्रथिनं हृदयाच्या स्नायूत साचत जातात आणि हृदय ताठरतं. १६ सप्टेंबर २००७ रोजी ते गेले. वय अवघं ५८.

आपल्याला वेळ कमी आहे हे कळल्यावर त्यांनी शेवट सोबत नेला नाही. काही प्रसंग लिहून ठेवले, टिपणं केली, आणि अखेरच्या काळात घरच्या माणसांना जवळ बसवून पुढची कथा तोंडी सांगितली. लिहिलेली दृश्यं आणि थेट शेवटाशी संबंधित टिपणं मिळून सुमारे दोनशे पानांचा ऐवज मागे राहिला. जगाच्या तपशिलांची टिपणं तर याहून कितीतरी अधिक होती. सर्वांत महत्त्वाचं म्हणजे मालिकेचा अगदी शेवटचा प्रसंग त्यांनी स्वतः लिहून ठेवला होता आणि तो बव्हंशी तसाच छापला गेलाय.

त्यांच्या पत्नी हॅरिएट मॅकडूगल पहिल्या खंडापासून मालिकेच्या संपादक होत्या. जॉर्डन गेल्यावर ब्रँडन सॅन्डरसन या तरुण लेखकाने इंटरनेटवर एक श्रद्धांजली लिहिली होती. ती हॅरिएट यांच्या वाचनात आली, त्यांनी त्याची कादंबरी वाचली आणि डिसेंबर २००७ मध्ये त्याचं नाव जाहीर झालं. सॅन्डरसन किशोरवयापासून या मालिकेचा वाचक होता. शेवटचा भाग एकच खंड असेल असं जॉर्डन ठामपणे सांगत. पण हस्तलिखित वाढत गेलं आणि २००९, २०१० आणि २०१३ अशा तीन पुस्तकांत ते विभागलं गेलं. तिन्हींचं संपादन हॅरिएट यांनीच केलं आणि जॉर्डन यांचे सहायक मारिया सिमन्स आणि अॅलन रोमान्चुक यांनी तपशील तपासले.

म्हणून माझं उत्तर असं: शेवट जॉर्डन यांचा आहे, तिथवर जाणारी वाट सॅन्डरसनने बांधली, आणि वाट चुकू नये म्हणून त्यांची पत्नी शेवटपर्यंत सोबत चालली. नवऱ्याच्या मृत्यूनंतर काही महिन्यांत त्याचं अर्धं राहिलेलं काम हातात घेणं, त्यातली ओळ न् ओळ तपासणं, पाच वर्षं. हे वाचताना डोक्यात असलं की पुस्तक वेगळं दिसतं.

भाषेतला फरक जाणवतो का?

जाणवतो. वाक्यं आखूड होतात, प्रसंग भराभर बदलतात, कपड्यांच्या कशिद्याची आणि जेवणाच्या खोलीची वर्णनं कमी होतात. जॉर्डन यांची हुबेहूब नक्कल करणार नाही, असं सॅन्डरसनने बाराव्या खंडाच्या प्रस्तावनेतच सांगितलं होतं, आणि मला तो निर्णय प्रामाणिक वाटतो. बाराव्या खंडातला मॅट खटकतो, तो जरा जास्तच बडबड्या झालाय. मॅट आपल्याला सुरुवातीला नीट जमला नाही, हे सॅन्डरसनने उघडपणे मान्य केलंय. चौदाव्यापर्यंत तो बराच सुधारतो. एग्वेन आणि रँड यांच्या बाबतीत मात्र तक्रारीला मला फारशी जागा दिसत नाही.

तेराव्या खंडात काळाचा गोंधळ वाटला. टॅम एकाच वेळी दोन ठिकाणी कसा?

तो दोन ठिकाणी नाही. एकाच हस्तलिखिताचे तुकडे पाडताना रँड आणि एग्वेन यांची कथा बाराव्यात बरीच पुढे गेली आणि पेरिनची मागे राहिली. म्हणून बाराव्यात रँडला भेटून गेलेला टॅम तेराव्याच्या सुरुवातीला पेरिनच्या तळावर दिसतो, कारण ते प्रसंग आधीचे आहेत. तेराव्याच्या शेवटाला सगळे एका रेषेत येतात.

३७ वं प्रकरण एवढं मोठं आहे म्हणतात. किती?

‘द लास्ट बॅटल’ या एका प्रकरणात जवळपास ७९,००० शब्द आहेत. स्वतंत्र कादंबरी म्हणून छापलं असतं तरी चाललं असतं. सरासरी वेगाने वाचणाऱ्याला साडेपाच-सहा तास लागतील. मध्ये प्रकरण बदलत नाही, पण दृष्टिकोन सतत बदलतो: कधी सेनापती, कधी जखमी सैनिक, कधी ज्याचं नाव पहिल्यांदाच येतंय असा एखादा जण.

हे प्रकरण असं मुद्दाम लिहिलंय. रणांगणावरच्या माणसाला श्वास घ्यायला सवड मिळत नाही, तशी ती वाचकालाही मिळू नये. म्हणून रात्री अकराला ‘चार पानं वाचून झोपू’ म्हणत ते सुरू करू नका. सुट्टीच्या दिवशी सकाळी बसा. घरच्यांना आधी सांगून ठेवा, फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. शक्य असेल तर एकाच दिवसात संपवा. तुकड्या-तुकड्याने वाचलेल्यांना ते लांबलेलं वाटतं आणि सलग वाचलेल्यांना ते कधी संपलं कळत नाही, हे मी अनेकांच्या बाबतीत पाहिलंय.

युद्ध नेमकं कुठे-कुठे चाललंय, कळत नाही. काही मदत?

काहीच आधी कळू नये असं वाटत असेल तर हे उत्तर सोडून पुढे जा.

सुरुवातीच्या मोठ्या भागात चार आघाड्या आहेत आणि प्रत्येकीवर एक नामवंत सेनापती आहे. केमलिनकडे इलेनबरोबर डावराम बशीर, टारविन्स गॅपमध्ये लानबरोबर अॅगेलमार, कांडोरमध्ये एग्वेन आणि आइझ सेडाईंबरोबर गॅरेथ ब्राइन, आणि शायोल घुलच्या पायथ्याशी इटुरॅल्डे. पुस्तकातला नकाशा उघडून ही चार ठिकाणं पेन्सिलीने खूण करून ठेवलीत की निम्मा गोंधळ मिटतो. दुसरी गोष्ट म्हणजे शायोल घुलजवळ काळ संथ वाहतो. आत थोडा वेळ जातो तेव्हा बाहेर दिवस उलटतात. रँडचे आणि इतरांचे प्रसंग तासाला तास जुळत नाहीत ते यामुळे.

माझं आवडतं पात्र शेवटपर्यंत जगतं का?

सांगणार नाही. इंटरनेटवर त्या नावाचा शोधही घेऊ नका, पहिल्या ओळीतच कळतं.

आठवा ते दहावा हे खंड मी चाळून पुढे आलो. काही निसटलं का?

नवव्या ‘विंटर्स हार्ट’चा शेवट वाचला नसेल तर मागे जाऊन वाचा. साइडीन, म्हणजे पुरुषांची जादूशक्ती, शुद्ध होणं ही मालिकेतली सर्वांत मोठी घटना आहे आणि ब्लॅक टॉवरचा पुढचा सगळा धागा तिच्यावर लटकलेला आहे. दहावा बराचसा त्याच सुमारास बाकीचे कुठे होते हे सांगतो, त्याचा सारांश वाचलात तरी चालेल. अकरावा ‘नाइफ ऑफ ड्रीम्स’ मात्र पूर्ण वाचा. जॉर्डन यांनी पूर्णपणे स्वतःच्या हाताने लिहिलेला तो मुख्य मालिकेतला शेवटचा खंड, आणि त्यात ते पुन्हा पूर्ण जोमात आहेत.

युगं, पुनर्जन्म, फिरणारं काळाचं चक्र… हे सगळं आपलंच आहे ना?

चक्राकार काळाची कल्पना जॉर्डन यांनी हिंदू विचारातून घेतली हे खरं. पण तिथेच थांबू नका, कारण त्यांची झोळी फार मोठी होती. एक डोळा गमावलेला मॅट आणि हातोडा घेतलेला पेरिन यांच्यामागे उत्तर युरोपातले ओडिन आणि थॉर उभे आहेत. अल'थोर, एग्वेन, कॅलँडोर ही नावं आर्थर राजाच्या कथांकडे जातात. आइझ सेडाईंचं चिन्ह चीनमधल्या यिन-यांगचं, फक्त ठिपके काढलेलं. आपली युगं चार, त्यांची सात. त्यांची मूळ कल्पना अशी की या सगळ्या पुराणकथा त्या चक्रातल्या एकाच घटनेच्या पुसट झालेल्या आठवणी आहेत. आपल्याला पुन्हा जन्मणारा वीर समजावून घ्यावा लागत नाही, एवढा फायदा मराठी वाचकाला नक्की मिळतो.

शेवट समाधान देतो का?

रँडचा शेवट देतो, पूर्णपणे. तेवीस वर्षं चाललेल्या कथेचा इतका नेमका शेवट मी क्वचित वाचलाय.

पण एक कमतरता आहे आणि ती महाभारतावर वाढलेल्या वाचकाला जास्त जाणवेल. महाभारतात युद्ध भीष्मपर्वापासून सौप्तिकपर्वापर्यंत चालतं आणि त्यानंतर आठ पर्वं उरतात. स्त्रीपर्वात गांधारी रणांगणावर फिरते, एकेका देहापाशी थांबते. मग शांतिपर्व, सगळ्यांत लांब, ज्यात जिंकलेल्या युधिष्ठिराला राज्य नकोसं झालेलं असतं. रडायला, विचारायला, थकायला व्यासांनी जागा ठेवली. ‘अ मेमरी ऑफ लाइट’मध्ये एवढ्या संहारानंतर फक्त एक उपसंहार आहे. कित्येक माणसांचा शोक कुणी करताना दिसत नाही. काही बातम्या ज्यांना कळायला हव्यात, त्यांना त्या कळतानाचा क्षणच पानावर नाही.

यामागचं कारण कळतं. जॉर्डन यांनी शेवट जिथे लिहून ठेवला, तिथेच थांबायचं होतं, आणि त्यापुढे शब्द वाढवणं सॅन्डरसनला आपल्या अधिकाराबाहेरचं वाटलं असणार. मला तो संयम पटतो. तरीही मी सुचवेन की पुस्तक संपल्यावर लगेच दुसरं काही हातात घेऊ नका. ज्यांनी ही मालिका वाचलीय अशा कुणाला तरी फोन करा आणि गेलेल्यांबद्दल बोला. पुस्तकात नसलेलं स्त्रीपर्व वाचकांनाच एकमेकांत पार पाडावं लागतं. पुण्या-मुंबईपासून न्यू जर्सीपर्यंत विखुरलेल्या आमच्या वाचकमंडळींत तसे रात्री उशिराचे फोन अनेकदा झालेत.

सगळी कोडी सुटतात का?

बहुतेक सुटतात. डार्क वनच्या सरदारांपैकी अझमोडियनला कुणी मारलं, हे १९९३ पासून लोक भांडत होते. त्याचं उत्तर कुठे मिळालं माहीत आहे? २०१० मध्ये, तेराव्या खंडाच्या शब्दसूचीत, एका नोंदीत. म्हणून मागची पानं वगळू नका. चौदाव्याच्या अगदी शेवटी एक लहानशी गोष्ट घडते जिचं स्पष्टीकरण जॉर्डन यांनी कुठेही लिहून ठेवलं नाही, हे सॅन्डरसनने सांगितलंय. तुम्ही तिथे पोहोचलात की ती कोणती हे लगेच कळेल.

छापील घ्यावं, किंडलवर वाचावं की ऐकावं?

अमेरिकी हार्डकव्हर ९०९ पानांचं आहे. ते लोकलमध्ये उभ्याने वाचता येत नाही, घरीच वाचायचं. त्याच्या मुखपृष्ठाचीही एक आठवण सांगतो. आधीच्या सगळ्या खंडांची चित्रं काढणारे डॅरेल स्वीट २०११ च्या डिसेंबरात वारले, आणि शेवटचं मुखपृष्ठ मायकल व्हेलन यांनी केलं. आपल्याकडच्या दुकानांत सहसा ऑर्बिटच्या पेपरबॅक आवृत्त्या दिसतात, त्यांची मुखपृष्ठं वेगळी आहेत. नकाशा आणि शब्दसूचीकडे वारंवार जायचं असेल तर छापील प्रत सोयीची. ऑडिओबुक केट रीडिंग आणि मायकल क्रेमर यांच्या आवाजात आहे, चाळीस तासांच्या वर. स्त्री पात्रांचे प्रसंग एक वाचते, पुरुषांचे दुसरा. ३७ वं प्रकरण ऐकणं हा खरोखर वेगळा अनुभव आहे, पण पहिल्यांदा वाचा आणि मग ऐका.

टीव्ही मालिका पाहून शेवट कळेल का?

नाही. प्राइम व्हिडिओवरची मालिका २०२१ मध्ये सुरू झाली, तिचे तीन सीझन झाले आणि मे २०२५ मध्ये ती बंद केल्याचं जाहीर झालं. तिसऱ्या सीझनचा गाभा चौथ्या खंडाचा आहे. शेवट हवा असेल तर पुस्तकंच वाचावी लागतील.

चौदाव्यानंतर याच जगातलं आणखी काही वाचायला आहे?

‘न्यू स्प्रिंग’ ही २००४ ची पूर्वकथा राहिली असेल तर आता वाचा. मोरेन आणि लान यांची पहिली भेट शेवट माहीत झाल्यावर वाचायला मला जास्त आवडली. चौदाव्यातून वगळलेला एक भाग ‘रिव्हर ऑफ सोल्स’ नावाने ‘अनफेटर्ड’ या २०१३ च्या संग्रहात आहे, दुसरा ‘अ फायर विदिन द वेज’ हा २०१९ च्या ‘अनफेटर्ड ३’ मध्ये. दोन्ही शेवटचा खंड संपल्यावरच वाचा. २०१५ चा ‘कम्पॅनियन’ हा कोश आहे, तो सुद्धा नंतरच उघडा, कारण त्यात प्रत्येकाच्या नावापुढे त्याचं पुढे काय झालं ते लिहिलंय.

नवे खंड येणार नाहीत. जॉर्डन यांच्या मनात आणखी दोन पूर्वकथा आणि शॉनचान साम्राज्याभोवती फिरणाऱ्या तीन कादंबऱ्या होत्या. त्या तीन कादंबऱ्यांसाठी त्यांनी जेमतेम दोन-तीन वाक्यं मागे ठेवली होती, आणि एवढ्यावर पुस्तक उभं करू नये असं हॅरिएट आणि सॅन्डरसन या दोघांनीही ठरवलं.